रविवारचा सिनेमा : ‘स्टेला डॅलस’ (१९३७)

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी बरोबर साडेपाचला, नेहमीच्या हॉलमध्ये. दिग्दर्शक किंग विडॉर, मुख्य भूमिकेत बार्बरा स्टॅनविक. लांबी पावणेदोन तास, मध्यंतर नाही. चहा पाच वाजताच उरकू.

गिरणी कामगाराची मुलगी, वरच्या थरातला नवरा, आणि आपल्या भडक राहणीमुळे लेकीला खाली बघावं लागतं हे उमगलेली आई. तिला ते कळतं रेल्वेच्या बर्थवर पडल्या पडल्या, मुलींनी चालवलेली तिची कुचेष्टा कानावर पडते तेव्हा. लेकीनेही ऐकलेलं असतं. ती येऊन आईला बिलगते आणि आई झोपेचं सोंग घेते. संवाद जवळजवळ नाहीच, तरी अख्ख्या सिनेमात मला हाच प्रसंग सर्वांत भारी वाटतो. पावसातल्या शेवटाबद्दल ज्यांनी पाहिलाय त्यांनी कृपया गप्प बसावं!

सिनेमा ज्या कादंबरीवर बेतलाय, तिच्यावर १९२५ मध्ये मूकपटही निघाला होता. स्टॅनविक आणि लेकीचं काम केलेली ॲन शर्ली, दोघींना ऑस्कर नामांकन मिळालं, पुरस्कार एकीलाही नाही.

‘फार रडका असेल’ म्हणणाऱ्यांनी तर जरूर यावं. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत इथेच कळवा, खुर्च्या मोजून मागवायच्या आहेत.