रसायनशास्त्राचे प्रयोग मुलांच्या डोळ्यांसमोर व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या विज्ञानात विस्थापन अभिक्रिया आहे. मोरचुदाच्या (कॉपर सल्फेटच्या) निळ्या द्रावणात लोखंडी खिळा टाकला की खिळ्यावर तांब्याचा तांबूस थर चढतो आणि द्रावणाचा निळा रंग उतरून हिरवट होत जातो. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत हे नेहमीचंच आहे. केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण कालवलं की त्यात लोखंडी विळा बुडवून बघतात. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला, आणखी घाला, नाहीतर पानं करपतील. बाप हे बागेत करतो आणि पोरगं शाळेत तेच समीकरण फळ्यावरून उतरवून पाठ करतं. मी निफाड तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा हा धडा आला की एखाद्या मुलाला घरून विळाच आणायला सांगायचे. मागच्या बाकावरची मुलं त्या दिवशी पुढे यायला धडपडायची.

म्हणून ही विनंती. नाशिकमध्ये दरवर्षी शाळकरी मुलांसाठी रसायनशास्त्राची प्रयोगांसह व्याख्यानं व्हावीत आणि त्याच दिवशी विज्ञान शिक्षकांना ते प्रयोग स्वतः करायला मिळावेत. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळची व्याख्यानं 1825 साली सुरू झाली. तिथे मायकेल फॅरेडेंनी साध्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला दिली. विझलेल्या मेणबत्तीच्या वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुरापाशी पेटती काडी नेली, तर ज्योत त्या धुरावरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. याला खर्च तो काय?

आता शाळांत स्मार्ट बोर्ड आले आहेत आणि प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला की प्रयोग झाला असं धरतात. व्हिडिओत वास येत नाही, हाताला ऊब लागत नाही. परीक्षानळीत मोरचुदाचे खडे घेऊन तापवा. नळीचं तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवायचं, नाहीतर तोंडाशी जमलेलं पाणी उलट तापलेल्या काचेवर जातं आणि नळी तडकते. हळूहळू निळे खडे पांढरे पडतात आणि नळीच्या थंड भागावर थेंब धरतात. कोरड्या दिसणाऱ्या खड्यात पाणी होतं! नळी पूर्ण गार झाली की त्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचे दोन थेंब टाका आणि नळी बाहेरून धरायला द्या. भुकटी निळी होते आणि काच कोमट लागते. ही ऊब ज्या मुलाच्या बोटांना कळली, त्याला उष्मादायी अभिक्रिया म्हणजे काय हे परीक्षेपुरतं पाठ करावं लागत नाही.

शिक्षकांचा प्रश्न मात्र खरा आहे. गणित किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्यांना रसायनशास्त्र शिकवावं लागतं. आम्लाची बाटली उघडायची धास्ती वाटते, काही झालं तर पालक येतील ही भीती असते, आणि प्रयोगशाळेचं कुलूप तपासणीपुरतं उघडतं. त्यांना परिपत्रक नको, शेजारी उभं राहून करून घेणारं माणूस हवं. मोरचूद आणि चुना कृषी सेवा केंद्रात मिळतात, हळद-साबण घरात आहेत. एवढ्यावर निम्मा कार्यक्रम उभा राहतो.

एक आग्रह आहे. याला जादूचे प्रयोग करू नका. आधी मुलांना विचारा, काय होईल? हात वर होऊ द्या, मग करून दाखवा, मग का झालं यावर बोला. नारिंगी भुकटीचा ‘ज्वालामुखी’ तर मुळीच नको. ती भुकटी म्हणजे अमोनियम डायक्रोमेट, ते विषारी आहे आणि त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे. पेटत्या मेथॅनॉलच्या रंगीत ज्वाळाही नकोत, वाफ पेट घेऊन बाटलीपर्यंत आग जाते. टेबलावर जो असेल त्याच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा आणि पहिली रांग दूर हवी.

कार्यक्रम 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ठेवू नये, कारण तेव्हा दहावीची मुलं परीक्षेच्या धामधुमीत असतात. जुलै-ऑगस्ट बरा. महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांनी पुढाकार घ्यावा, महापालिकेने कालिदास कलामंदिरासारखं सभागृह सवलतीत द्यावं, आणि पेठ-सुरगाण्याच्या मुलांसाठी एसटीची सोय आधी बघावी. शहरातल्या शाळा कशाही पोचतील. टेबल शेवटच्या रांगेतून दिसत नसेल तर वर कॅमेरा लावून पडद्यावर दाखवा.

कुणी हे मनावर घेतलं तर द्रावणं करून ठेवायला, काचसामान धुवायला आणि शिक्षकांच्या शेजारी उभं राहायला मी येईन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
इंदिरानगर, नाशिक