लग्नाआधीच्या समुपदेशनाला दोन्ही बापांनी बसावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

उपवासकाळ संपून ईस्टर झाला की मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, लग्नांची घाई सुरू होते. साखर कारखान्यांचे पट्टे पडून गाळप संपलेले असते, ऊसतोडीला गेलेली माणसे गावी परतलेली असतात, शाळांना सुट्या लागायच्या बेतात असतात. तीन रविवार उपासनेत वधूवरांची नावे वाचली जातात, हरकत सहसा कुणाची नसते, आणि पुढच्या आठवड्यात दारात मंडप उभा राहतो. या धांदलीत लग्नाआधीचे समुपदेशन म्हणजे बऱ्याच ठिकाणी पाळकसाहेबांसमोर अर्धा तास बसणे एवढेच उरते. मुलगा-मुलगी मान खाली घालून ‘हो’ म्हणतात. दोघांचे बाप त्या वेळी केटरर नाहीतर बँडवाल्याकडे असतात. माझी मंडळ्यांना कळकळीची विनंती आहे की हे समुपदेशन किमान चार बैठकांचे करावे आणि त्यातल्या दोन बैठकांना दोन्ही बापांना बसवावेच. पहिल्या दोन वर्षांत संसारात जे बिघडते त्यातले निम्मे तरी बापांनी आधी ठरवलेल्या किंवा न ठरवलेल्या गोष्टींमुळे बिघडते.

आधी कागदांचे. आपली लग्ने १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली लागतात. लग्न कोणी लावायचे हे त्यात ठरलेले आहे: बिशपांकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू, सरकारी परवाना असलेला पाळक, किंवा विवाह निबंधक. उपदेश चांगला करतो, आजाऱ्यांसाठी रात्र रात्र प्रार्थना करतो, म्हणून कोणालाही लग्न लावता येत नाही. घरगुती मंडळ्या चालवणारे कित्येक पुढारी मनाने निर्मळ असतात, पण अधिकार नसताना त्यांनी लावलेले लग्न कायद्याने रद्दबातल ठरते आणि लावणाऱ्यावर गुन्हा होतो. हे उघडकीला येते ते थेट पेन्शनच्या, पासपोर्टच्या किंवा वारसाच्या वेळी, आणि तोवर पदरात दोन लेकरे असतात. मुलीच्या बापाने पहिल्याच बैठकीत परवाना पाहायला मागावा. त्यात कुणाचा अपमान नाही.

वेळेचेही तसेच. कायद्याने लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लागले पाहिजे. बिशपांचा विशेष परवाना असेल तर गोष्ट वेगळी. पत्रिकेत पाचची वेळ असते, वरात डीजेपुढे रेंगाळते आणि चर्चच्या दारात पोचेपर्यंत पावणेसात झालेले असतात. मग पाळकसाहेबांना वचने घाईत उरकावी लागतात. आपल्याकडे सकाळी अकराची वेळ धरावी, उन्हाच्या आत जेवणेही होतात.

नोंदवहीवर वधूवर, पाळक आणि किमान दोन साक्षीदार यांच्या सह्या होतात. त्या घडीला फोटोग्राफर मागे ओरडत असतो आणि नावे कोणी वाचत नाही. शाळेच्या दाखल्यावर ‘मार्था’ आणि वहीत ‘मारथा’, वडिलांचे नाव एका ठिकाणी ‘सॅम्युएल’ तर दुसरीकडे ‘शामुवेल’, एवढ्याने तहसीलपासून बँकेपर्यंत हेलपाटे पडतात. आदल्या दिवशीच शाळेचा दाखला आणि आधार कार्ड समोर ठेवून नावे पेन्सिलीने लिहून घ्यावीत. लग्नानंतर विवाहाच्या दाखल्याच्या दोन सही-शिक्क्याच्या प्रती घ्याव्यात आणि नोंद निबंधकांकडे गेली का, हे महिन्याभराने पाळकांना विचारावे.

वयाच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे. मुलगा २१, मुलगी १८, हे सगळ्यांना पाठ आहे. तरीही बीड, केज, धारूर, पाटोदा या भागात दसऱ्याच्या आधी लग्नांची दुसरी घाई का होते, तेही सगळ्यांना ठाऊक आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते. पोरगा एकटा असला तर अर्धा कोयता, लग्न झाले की पुरा. मागे आजी थकलेली, घरी पोरीला एकटे ठेवायची भीती, म्हणून सोळाव्या वर्षी तिचे हात पिवळे करतात. ही अडचण खरी आहे, पण त्यावरचा हा इलाज पोरीच्या जिवावर उठणारा आहे. कोवळ्या वयात पोट वाढते, अंगात रक्त नसते, आणि तशात ती फडावर मोळ्या वाहते. हंगामापुरती पोरीची गावातच राहण्या-जेवण्याची सोय होण्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. दिवाळीआधीच शाळेत मुख्याध्यापकांकडे नाव द्यावे, कारण यादी एकदा गेली की मग धावपळ होते. मंडळीत नावे वाचण्याआधी पाळकांनी शाळेचा मूळ दाखला पाहावा, नुसत्या आधारवर भागवू नये; आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली तर ती बहुधा अंदाजाने लिहिलेली असते. दाखल्यात वय कमी भरले तर नावे वाचूच नयेत. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात आणि १०९८ या क्रमांकावर कोणालाही कळवता येते. मंडळीने हे काम सरकारवर सोडून मोकळे होऊ नये.

आता पैसा. ‘आमच्यात हुंडा नाही’ हे आपण अभिमानाने सांगतो. मग गाडी कुठून येते? अंगठी-साखळी, दोन दिवसांची जेवणे, हळदीचा वेगळा मंडप, वधूचा पांढरा पोशाख, नवऱ्याचा सूट, केक, हे सगळे कुणाच्या खिशातून जाते? सावकाराकडून महिना ३ टक्क्यांनी १ लाख घेतले तर व्याजच महिन्याला ३,००० आणि वर्षाला ३६,००० होते, मुद्दल जागच्या जागी. हे कर्ज बापाच्या नावावर दिसते, पण फेडतो तो नवरदेवच.

समजा मुलगा वाळूजच्या कंपनीत किंवा जालन्याच्या सळई कारखान्यात आहे आणि हातात १८,००० पडतात. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा भाग, १,८००, खोलीभाडे ४,०००, किराणा-दूध-गॅस ६,०००, जाणे-येणे व मोबाइल १,५००, आईबापांना २,०००. राहिले २,७००. यातून सावकाराचे व्याजही सुटत नाही, मग दवाखाना आणि बाळंतपणासाठी मागे काय पडणार? हा हिशोब दोन्ही बापांसमोर कागदावर मांडला की हळदीचा मंडप आपोआप लहान होतो. माझ्या मते लग्नासाठी नवे कर्ज काढायचेच नाही अशी अट मंडळीने घालावी आणि जेवण चर्चच्या आवारात साधे ठेवावे. दशांशाबद्दलही नवरा-बायकोने लग्नाआधीच बोलून घ्यावे: तो हातात पडलेल्या पगारावर की कापून जाण्याआधीच्या, आणि आजारपणाच्या महिन्यात काय करायचे. उसने काढून दान देऊ नये. त्यातून देवाचे काही वाढत नाही आणि घरात मात्र रोज कुरकुर होते.

पगार कुणाच्या हातात द्यायचा, हा तर कळीचा प्रश्न. मनुष्य आईबापांना सोडून पत्नीशी जडून राहील, हे वचन लग्नाच्या वेदीपुढे वाचले जाते आणि दुसऱ्या दिवशी सून सासूच्या परवानगीशिवाय मोबाइलचे रिचार्जही मारू शकत नाही. एकत्र राहायला हरकत नाही, पुष्कळांना दुसरा इलाजही नसतो. पण मग नवरा-बायकोला दार लावता येईल अशी खोली, आईबापांना ठरलेली रक्कम, आणि उरलेल्या पैशांचा हिशोब त्या दोघांकडे, हे मुलाच्या बापाने स्वतःच्या तोंडाने पाळकांसमोर कबूल करावे. मुलाने हे मागितले तर तो बायकोच्या मुठीत गेला असे म्हणतात. बापाने सांगितले तर कोणी काही म्हणत नाही.

मुलीच्या बापाने मात्र आणखी एक गोष्ट त्याच बैठकीत, जावयाच्या देखत सांगावी: मारहाण झाली तर माझे दार उघडे आहे. ‘देवाने जोडले ते माणसाने तोडू नये’ हे प्रभूचे वचन मार खाऊन आलेल्या लेकीला परत पाठवण्यासाठी नाही. १८६९ चा घटस्फोट कायदा २००१ मध्ये दुरुस्त झाला. त्याआधी ख्रिस्ती बाईला केवळ छळाच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे, आता मिळतो. घटस्फोटापर्यंत जावेच असे मी म्हणत नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण, राहण्याचा हक्क आणि खर्च मागता येतो, लग्न न मोडता.

बायकोच्या दुखण्याकडे नवऱ्याने स्वतः लक्ष द्यावे, हेही सांगावे लागते. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचे प्रकार एवढे वाढले की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पोटात दुखते, पांढरे जाते, एवढ्यावर कोणी ‘पिशवी काढून टाका’ म्हटले तर सही करण्याआधी जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवावे.

पुढे मुले होतात आणि बाप होणे म्हणजे फी भरणे असा समज पक्का होतो. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मुलांना चिरडीस आणू नका असे बापांना उद्देशूनच सांगितले आहे. आपल्याकडे ते हमखास घडते घरच्या प्रार्थनेत. जेवणे झाल्यावर, साडेनऊला, झोपेने पेंगणारी पोरे मांडी घालून बसवायची, लांबलचक अध्याय वाचायचा, आणि प्रार्थनेच्या आडून ‘प्रभू, या पोराला अभ्यासाची बुद्धी दे’ म्हणून त्याची सगळ्यांसमोर खरडपट्टी काढायची. पोरगा पंधरा-सोळाचा झाला की त्या वेळेला घरी थांबेनासा होतो, त्यात नवल नाही. प्रार्थना जेवणाआधी घ्यावी, दहा-बारा मिनिटांची. एक गीत, दहा ओव्यांच्या आतले वाचन तेही मुलांनीच करायचे, आणि प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना. सगळ्यात धाकट्याने आधी करायची. मोठ्यांची सुंदर प्रार्थना ऐकल्यावर त्याची जीभ अडखळते. ज्याची चूक झाली असेल त्याच्याशी त्याच दिवशी, बाजूला नेऊन, हात न उगारता बोलावे. आणि बापाचे चुकले असेल तर त्याने पोराची माफी मागावी, त्याने बापाचा मान कमी होत नाही. रात्रपाळी असेल किंवा बाप फडावर असेल तर ठरलेल्या वेळी फोन लावावा, पण तोच फोन मार्कांची चौकशी करायला वापरू नये.

शेवटी वारशाचे, कारण बाप असेपर्यंत याविषयी कोणी बोलत नाही. आपल्याला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर एक तृतीयांश पत्नीला आणि दोन तृतीयांश सगळ्या मुलांना सारखे, मुलगी लग्न होऊन गेली तरीही. गावी सातबाऱ्यावर वारसनोंद करताना मुलीचे नाव गळते किंवा तिच्याकडून हक्कसोड घेतली जाते, हे बापाने जिवंतपणीच थांबवावे. मृत्युपत्र करायचे तर दोन साक्षीदार लागतात आणि ज्याला काही द्यायचे आहे त्याला, किंवा त्याच्या नवऱ्याला-बायकोला, साक्षीदार करू नये. केले तर त्याचा वाटा जातो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: लग्न केले की आधी केलेले मृत्युपत्र आपोआप रद्द होते. विधुर बापाने दुसरे लग्न केले तर पहिल्या लेकरांसाठी लिहून ठेवलेला कागद निकामी होतो, तो नव्याने करावा लागतो. नोकरीला लागल्यावर मृत्युपत्र करून ठेवलेल्या नवरदेवालाही हेच लागू आहे.

ईस्टरनंतरच्या लग्नांची बोलणी उपवासकाळातच होतात. त्याच दिवसांत, नावे वाचायच्या आधी, पाळकसाहेबांनी दोन्ही बापांना शाळेचे दाखले, आधार कार्डे आणि खर्चाचा कागद घेऊन पहिल्या बैठकीला बोलवावे. आपल्या दैनिकाने लग्नसराईच्या पुरवणीत मंडप-केटररच्या जाहिरातींशेजारी या गोष्टींना थोडी जागा दिली तर फार उपकार होतील.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक, जालना