‘गीतवर्षा’च्या रेघा अजून कोऱ्याच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अवीट गाण्यांची यादी आली, ती वाचली. गाणी सगळी चांगलीच आहेत, त्याबद्दल दुमत नाही. पण हीच यादी गणपतीत येते, हीच दिवाळी पहाटेला येते आणि हीच कोजागिरीला. यादीबाहेर जे राहतं त्याच्याबद्दल कुणीतरी बोलायला हवं, म्हणून हे पत्र.

माझं बेळगावात शहापूरला रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान आहे, चाळीस वर्षं होत आली. आता दुरुस्तीला फारसं येत नाही. येतात त्या पेट्या. वाडा पाडायला काढला किंवा म्हातारी माणसं गेली की माळ्यावरचा एचएमव्हीचा ‘फिएस्टा’ रेकॉर्ड प्लेअर आणि त्याच्यासोबत रेकॉर्डची पेटी घेऊन मुलं येतात. “काका, बघा, कामाचं असलं तर ठेवा.” टिळकवाडी, अनगोळ, वडगाव, खानापूर, निपाणी, सगळीकडून अशा पेट्या आल्यात.

या पेट्या बघून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली जरा तिरकी धरली, की त्या घरात ती किती वाजली ते कळतं. पिन फिरून फिरून रेघा घासल्या की काळा रंग राखाडी पडतो. मधल्या भोकाभोवतीचं लेबलसुद्धा बोलतं. घाईघाईत रेकॉर्ड चढवताना भोक चुकतं, खिळा कागदावर घासतो आणि बारीक पांढरे ओरखडे उमटतात. नाट्यपदांच्या आणि अभंगांच्या रेकॉर्डवर असे ओरखडे मी शेकड्यांनी पाहिले. लेबलवरचं गाण्याचं नावसुद्धा पुसट झालेलं असतं. त्याच पेटीच्या तळाशी कुमार गंधर्वांची ‘गीतवर्षा’ निघते. तिरकी धरावी तर काळीभोर, उजेड तिच्यावरून पाण्यासारखा सरकतो. लेबलवर एक ओरखडा नाही. मोठ्या हौसेनं घेतलेली, एकदा लावलेली आणि मग कायमची ठेवून दिलेली. असं एका घरात नाही, वेगवेगळ्या पाच-सहा घरांतल्या पेट्यांत दिसलं. हे बघून जीव तुटतो.

तुटायचं कारण साधं आहे. कुमारजी आपले. ८ एप्रिल १९२४ ला सुळेभावीत जन्मले. बेळगावहून मिरजेच्या गाडीत बसलं की सांबऱ्यापुढचं ते स्टेशन. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हे त्यांचं नाव, घरची भाषा कन्नड. लहानपणी त्यांनी गाणं शिकायच्या आधी गाणं ऐकलं, आणि ऐकलं ते रेकॉर्डवर. मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून हा पोरगा ताना-मुरक्यांसकट हुबेहूब गाऊन दाखवायचा. त्या वयातच एका मठाच्या स्वामींनी त्यांना ‘कुमार गंधर्व’ म्हटलं. पुढं मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडं शिक्षण, मग क्षयाचं दुखणं, १९४८ मध्ये हवापालटासाठी देवासला मुक्काम. पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्या अंथरुणावर पडून दारावरून जाणाऱ्या माळव्यातल्या बायकांची गाणी कानावर पडली आणि त्या लोकधुनांतून पुढं मालवती, लगनगंधार, सहेली तोडी असे राग निघाले, हे बऱ्याच जणांना माहीत आहे.

‘गीतवर्षा’ त्याच मातीतली. माळव्याची लोकगीतं आणि शास्त्रीय बंदिशी एकात एक ओवून त्यांनी त्यात पावसाळा उभा केलाय. गेल्या आषाढात बाहेर झड लागली होती, लाइट सारखी जात-येत होती आणि दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पहिली बाजू लावली. एक फुफ्फुस निकामी झालेला माणूस गातोय हे डोक्यात ठेवून ऐकावं. ओळ लांबवत नाहीत, तुकडा उचलतात, फेकतात, थांबतात. त्या थांबण्यात श्वास घेतलेला मला ऐकू येतो. खानापूर-जांबोटीकडं रोपलावणीच्या वेळी पाऊस असाच येतो. एक सर, मग उघडीप, मग पुन्हा अंगावर. माळव्याचा पाऊस मी पाहिलेला नाही. पण ही बाजू संपली तेव्हा मला आमच्या मामाच्या शेतातल्या चिखलाचा वास आला होता. पुढं ‘गीतहेमंत’ आणि ‘गीतवसंत’ही आहेत. कबीर, सूरदास आणि मीरा यांना एकत्र आणणारी ‘त्रिवेणी’ आहे. निर्गुणी भजनांतली चार-दोन आता फोनवर सगळे ऐकतात, चांगलंच आहे. पण ‘त्रिवेणी’ सबंध ऐकली, असं सांगणारा माणूस मला क्वचित भेटतो.

आता थोडं ‘मला उमजलेले बालगंधर्व’ या रेकॉर्डबद्दल. संगीत नाटक हे आपल्या जिल्ह्याचं घरचं देणं. अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, त्यांचं ‘शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आलं. त्यामुळं नारायणरावांचं, म्हणजे बालगंधर्वांचं, पद कसं असावं हे आपल्याकडं ज्याला त्याला ठाऊक. माझ्या वडिलांनी ही रेकॉर्ड लावली, अर्ध्यात पिन उचलली आणि म्हणाले, “हे नारायणराव न्हवं.” पुन्हा ती आमच्या घरात वाजली नाही. वडील गेल्यावर मी ती धीरानं ऐकली. एकदा नाही, आठ-दहा वेळा. ज्या पोरानं लहानपणी दुसऱ्याचा आवाज जसाच्या तसा काढून वाहवा मिळवली, तोच माणूस इथं बालगंधर्वांची नक्कल एका जागेलाही करत नाही. पदाचा भाव कुठं आहे ते शोधतो आणि आपल्या गळ्यानं तिथं पोचतो. नाव ‘उमजलेले’ ठेवलंय, ते उगाच नव्हे. वडिलांचा राग मला कळतो, पण त्या बाबतीत ते चुकले होते असं माझं आजही मत आहे. त्यांच्यासोबत बसून पुन्हा ऐकायला हवी होती, ते राहून गेलं.

आणखी दोन-तीन नावं सांगतो. मल्लिकार्जुन मन्सूरांचं रागगायन जाणकार ऐकतात, पण त्यांनी गायलेली वचनं, म्हणजे कन्नड शिवशरणांच्या रचना, मराठी घरात शिरलीच नाहीत. तसंच गदगच्या भीमसेनांचं. आपल्या घरांत ‘संतवाणी’, कन्नड घरांत ‘दासवाणी’ म्हणजे कन्नड हरिदास संतांची पदं, गल्ली एकच असली तरी. अहो, पुरंदरदासांच्या पदात शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येतो! आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची एसटी धरणाऱ्या माणसाला यात परकं काय वाटावं? शेजारच्या कन्नड मावशींनी मला एकदा एका पदाचा अर्थ ओळीओळीनं सांगितला, तेव्हापासून ती रेकॉर्ड माझ्या दुकानात महिन्यातून दोनदा तरी लागते. आणि गंगूबाई हनगलांच्या अगदी सुरुवातीच्या ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या जुन्या) रेकॉर्ड कुणाकडं असतील तर त्या भंगारात घालू नका. लेबलवर ‘गांधारी हुबळी’ असं नाव असतं, म्हणून लोकांना ओळखू येत नाही. आवाजही ओळखू येत नाही, इतका उंच आणि कोवळा आहे. घशाच्या दुखण्यानंतर आवाज खाली उतरला आणि आपल्याला ठाऊक असलेल्या गंगूबाई झाल्या. तो पहिला आवाज फक्त त्या तीन-तीन मिनिटांत उरलाय.

यातलं बरंचसं आता फोनवर फुकट मिळतं, पण तिथं एक अडचण होते. एक तुकडा संपला की फोन आपल्या मनानं दुसऱ्याच कुणाचं तरी गाणं लावतो. एलपीची, म्हणजे मोठ्या रेकॉर्डची, एक बाजू साधारण वीस मिनिटांची. त्या वीस मिनिटांत काय आधी आणि काय नंतर, हे गाणाऱ्यानं ठरवलेलं असतं. ‘गीतवर्षा’तला एकच तुकडा ऐकणं म्हणजे लग्नाला जाऊन नुसती अक्षता टाकून परतण्यासारखं आहे.

म्हणून आपल्याला विनंती आहे. पुरवणीत दर रविवारी चार बोटांची जागा एका रेकॉर्डला द्या. कुणी गायली, कुठल्या क्रमानं ऐकावी, कशासाठी ऐकावी, एवढंच असू दे. लिहिणारी माणसं बेळगावात पुष्कळ आहेत. इथल्या हार्मोनियम आणि तबल्याच्या वर्गांत जाणाऱ्या मुलांना तरी त्याचा उपयोग होईल.

आणि आपल्या वाचनालयांना दुसरी विनंती. श्रावणातल्या एका रविवारी संध्याकाळी हॉल उघडा द्यावा. फिएस्टा मी नीट करून आणतो, नवी पिन बसवतो, स्पीकर माझे. ‘गीतवर्षा’च्या दोन्ही बाजू लावू, मध्ये रेकॉर्ड उलटायला लागेल तेवढाच वेळ थांबू. सुळेभावीहून कुणी येणार असेल तर त्यांच्यासाठी पुढची रांग ठेवावी.

आपला,
एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव