एका झाडाची एक वाटी : उरुशीच्या रोपांसाठी आवाहन

जपानातल्या आपल्या मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना निक्कोला नेतोच. तिथल्या तोशोगू देवस्थानाच्या योमेइमोन दरवाजासमोर फोटो होतात आणि "रंग काय टिकलाय!" हे पाहुण्यांचं वाक्य ठरलेलं असतं. टिकला नाही हो, टिकवलाय. दुरुस्तीसाठी तो दरवाजा काही वर्षं परांचीआड होता, 2017 साली पुन्हा मोकळा झाला. तिथल्या झळाळीचं अस्तर आहे उरुशी, म्हणजे एका झाडाचा चीक. क्योतोच्या किन्काकुजी या सुवर्णमंदिरावरचा सोन्याचा वर्खही उरुशीवरच चिकटवलेला आहे. (सावंतवाडीच्या खेळण्यांवरची लाख ती ही नव्हे. ती किड्यांपासून मिळते.)

उरुशी गंमतीची आहे. ती दमट हवेत घट्ट होते, आणि एकदा पक्की झाली की आम्लालाही दाद देत नाही. ऊन मात्र तिला सोसत नाही. म्हणून उघड्यावरच्या लाकडी इमारतींना ती पुन्हा पुन्हा चढवावी लागते. प्रत्येक वेळी चीक हवा, आणि चिकासाठी झाडं हवीत.

मागच्या वर्षी आपल्यातली काही कुटुंबं इवाते प्रांतातल्या निनोहे शहराच्या जोबोजी भागात जाऊन आली. जपानात निघणाऱ्या उरुशीपैकी सुमारे 70 टक्के या भागातून येते. झाड पंधरा-एक वर्षं वाढवतात. मग जूनपासून शरद ऋतूपर्यंत दर चार-पाच दिवसांनी खोडावर एक आडवा चरा पाडायचा, आधीच्या चऱ्याच्या वर, त्याहून जरा लांब. पाझरलेला चीक लगेच खरवडून डब्यात घ्यायचा. एवढी उस्तवार करून पूर्ण हंगामात एका झाडामागे साधारण 200 ग्रॅम हाती लागतो. वाटीभर! त्यानंतर ते झाड तोडतात. या पद्धतीला 'कोरोशिगाकी' म्हणतात, म्हणजे झाड मारून चीक काढणं. ऐकून आमच्यातल्या एका काकूंनी हळहळून विचारलं, तेव्हा तिथल्या माणसाने तोडलेल्या बुंध्याला फुटलेले धुमारे दाखवले.

आता हिशेब पाहा. राष्ट्रीय ठेवा आणि महत्त्वाची सांस्कृतिक मालमत्ता ठरलेल्या इमारतींच्या दुरुस्तीत शक्यतो फक्त जपानी उरुशी वापरायची, असं सरकारच्या सांस्कृतिक खात्याने 2015 साली ठरवलं. त्यासाठी वर्षाला सरासरी 2.2 टन लागेल असा अंदाज होता, आणि तेव्हा देशभरात निघत होती जेमतेम एक टन. देशात वापरली जाणारी बाकी जवळजवळ सगळी चीनमधून येते. 2.2 टन म्हणजे दर वर्षी 11,000 झाडं. पंधरा वर्षांचा फेरा धरला तर दीड लाखाहून जास्त झाडं सतत कुठे ना कुठे वाढत असायला हवीत.

रोप लावायला माणसं मिळतात, फोटोही छान येतात. अडतं ते पुढची काही वर्षं भोवतालचं गवत काढण्यापाशी. जोबोजीत ज्यांच्या पडीक जमिनीवर रोपं लावली आहेत ते आजोबा थकले आहेत, आणि मुलं टोकियोत.

म्हणून मंडळाने ठरवलंय की यंदा जूनपासून गवत काढायला तिकडे तीन फेऱ्या करायच्या. दर कुटुंबामागे 3,000 येन द्यावेत ही विनंती. त्यातून गवत कापायची यंत्रं, हातमोजे आणि नवी रोपं घेऊ. गणपतीच्या वर्गणीशी याचा संबंध नाही, हिशेब वेगळा राहील आणि पावती मिळेल. पैसे जमत नसतील तर एक दिवस द्या. निनोहेपर्यंत शिनकानसेन जाते, पण पुढे नेण्यासाठी मोठ्या गाडीवाले दोघे तरी हवेत. ज्यांचा जपानात कर कापला जातो त्यांनी यंदा फुरुसातो नोझेईतून (गावाला देणगी द्यायची, तेवढी करात सूट आणि वर गावाकडून भेटवस्तू) खेकडे आणि गोमांस पाठवणाऱ्या गावांऐवजी निनोहेचा विचार करावा. पदरचे साधारण 2,000 येनच जातात, हे आपल्याला ठाऊकच आहे. नावं आणि रक्कम मेअखेरपर्यंत खजिनदारांकडे द्यावी.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. उरुशी ही आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातली. बिब्बा उततो तशीच तीही उतते, अंगावर फोड येतात, खाज कितीतरी दिवस जात नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे सक्तीचे, लहान मुलांना झाडांजवळ आणू नये. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या ओठांना फोड येतात त्यांनी रानात न येता स्वयंपाकाकडे यावं. पिठलं-भाताचा बेत आहे आणि कांदे चिरायला माणसं कमीच आहेत.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते