पाण्यात गेल्यावर चांदीचं काय होतं

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. ‘नॅनोकण पाण्यातल्या जीवांना विषारी असतात की नाही, एकदाच काय ते सांग,’ असं तू लिहिलंस. नॅनोकण म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान कण. हो किंवा नाही असं लिहायला बसलो की प्रत्येक वेळी हात थांबतो. म्हणून सगळंच सविस्तर लिहितो.

माझे दिवस सध्या डॅफ्नियाच्या संगतीत जातात. काही मिलिमीटरचा जीव, इतका पारदर्शक की भिंगाखाली त्याचं हृदय धडधडताना दिसतं. लोक त्याला पाण्यातली पिसू म्हणतात, पण तो कोळंबी-खेकड्यांच्या जातकुळीतला आहे. पाणी गाळून शेवाळ खातो आणि पुढे स्वतः माशांच्या पोटात जातो. २४ तासांहून लहान पिल्लं घ्यायची, तपासायचा पदार्थ कमी-जास्त प्रमाणात मिसळलेल्या पाण्यात सोडायची आणि ४८ तासांनी मोजायचं. भांडं हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही, ते निश्चल धरायचं. ठरलेली चाचणी ती एवढीच.

मी सुरुवात चांदीपासून केली. जंतू मरावेत म्हणून चांदीचे नॅनोकण मोज्यांत, कापडात, जखमेच्या पट्ट्यांत घालतात. २००८ साली ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी असे मोजे पाण्यात धुऊन पाहिले. काहींमधून भरपूर चांदी बाहेर पडली, काहींमधून जवळपास नाहीच. म्हणजे ही चांदी सांडपाण्यात उतरू शकते, हे दिसलं.

माझ्या पहिल्याच चाचणीत पिल्लं तळाला पडून राहिली. मला वाटलं, झालं, नॅनोकण घातक ठरले. त्याच रात्री मी लिहायलाही बसलो होतो. मग माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, ‘कण काढून टाकलेलं पाणी तपासलंस का?’ तपासलं नव्हतं. अतिसूक्ष्म गाळणीतून कण वेगळे काढले आणि उरलेल्या पाण्यात नवी पिल्लं सोडली. तीही जवळजवळ तितकीच निश्चल झाली. पाण्यात कण नव्हते; होते ते चांदीचे विरघळलेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू. गोड्या पाण्यातले जीव शरीरातलं सोडियम सतत बाहेरून ओढून भरून काढत असतात आणि चांदीचे आयन नेमकी तीच वाट अडवतात. कण म्हणजे हे आयन हळूहळू सोडत राहणारा साठा. एक घन सेंटिमीटर चांदीचे १० नॅनोमीटरचे ठोकळे केले, तर ६ चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग ६०० चौरस मीटर होतो. विरघळायला एवढी जागा मिळते, हे आकडेमोड करून पाहिलं तेव्हाच मला खऱ्या अर्थाने कळलं.

या चुकीला इतिहास आहे. २००४ साली फुलरिन (कार्बनचे पोकळ गोळ्यासारखे रेणू) दिलेल्या बास माशांच्या मेंदूतल्या मेदावर परिणाम दिसल्याचं प्रसिद्ध झालं आणि मोठी खळबळ उडाली. २००७ साली झेब्रा माशांच्या पिल्लांवर काम करणाऱ्यांनी दाखवलं की, फुलरिन पाण्यात मिसळण्यासाठी वापरलेल्या टेट्राहायड्रोफ्युरान या द्रावकाच्या विघटनातून आलेले पदार्थच त्या पिल्लांवर परिणाम करत होते. पहिल्या संशोधकांना मी दोष देत नाही. त्यांनी विचारलं नसतं, तर कुणीच शोधलं नसतं.

पण सगळं खापर आयनांवरही फोडता येत नाही, आणि मला झोप लागू देत नाही ते हेच. टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजे रंगांत वापरतात ती पांढरी पूड, जवळपास विरघळतच नाही. ४८ तासांत पिल्लं ठणठणीत दिसतात. २०११ साली एका गटाने चाचणी ९६ तासांपर्यंत नेली. तेव्हा दिसलं की कण अंगावर थर धरून बसतात आणि पिल्लाला कात टाकता येत नाही. डॅफ्निया कात टाकल्याशिवाय वाढत नाही. शिवाय अतिनील किरण पडले की हेच कण ऑक्सिजनची पेशींना घातक रूपं तयार करतात, आणि प्रयोगशाळेतल्या दिव्याखाली ते फारसं घडतच नाही. न विरघळणाऱ्या कणांना ४८ तासांच्या चाचणीवर निर्धोक म्हणणं मला चुकीचं वाटतं. हे मी उद्या कुठल्याही सभेत उभं राहून सांगेन.

आणि पाणीही स्वस्थ बसत नाही. सांडपाण्यातल्या सल्फाइडशी संयोग होऊन चांदीचं सिल्व्हर सल्फाइड होतं, ते फारच कमी विरघळतं. कुजलेल्या पाचोळ्यातले पदार्थ कणांवर लेप चढवतात. समुद्राच्या खारटपणात कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात, मग गाळातल्या किड्यांचा प्रश्न सुरू होतो. त्यामुळे चांदीबद्दल माझं उत्तर असं: गोड्या पाण्यात, विरघळत असेतोवर, हो, विषारी. टायटॅनियमबद्दल अजून दिवस मोजतो आहे.

आता पत्र आवरतो. पलीकडच्या खोलीत ७२ तास पूर्ण होत आले आहेत, आणि या वेळी मी पिल्लांबरोबर तळाला पडलेल्या कातीही मोजतो आहे. स्वच्छ पाण्यातल्या भांड्यांत त्या पडल्या आहेत. बाकीच्या भांड्यांकडे आता जातो.

तुझाच,
जुना मित्र