आई, तुझ्या जोडव्यांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न.

गेल्या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा गवारीच्या भाजीवर बोलून ठेवून दिला. म्हणून पत्र. दादाकडून अर्धंमुर्धं कळलंच असेल म्हणा, त्याच्या पोटात काय राहतंय!

मी नोकरी सोडली. रजा नाही बाबा, राजीनामा. आधी सांगितलं असतं तर तुम्हाला झोप लागली नसती आणि माझा धीर सुटला असता.

आठ महिने दर शनिवारी ‘कामात आहे’ म्हणत होते ना, तेव्हा मी हुपरीला जात होते, चांदीकाम शिकायला. पुण्याहून हुपरीला जाणारी गाडी आपल्या कराडवरूनच जाते. स्टँडवर दहा मिनिटं थांबते. प्रत्येक वेळी वाटायचं, उतरावं, चहा घ्यावा, पुढच्या गाडीनं जावं. उतरले असते तर तोंडावर खोटं बोलता आलं नसतं, म्हणून खिडकीचा पडदा ओढून बसायचे. याचं मला सगळ्यात वाईट वाटतंय, नोकरीचं नाही.

आता इथेच खोली घेतली आहे, ज्यांच्याकडे शिकते त्या मामांच्या माडीवर. पाणी सकाळी दोन तास येतं, गिझर आहे, मामी ज्वारीची भाकरी स्वतः थापतात आणि मी दोन खाल्ल्याशिवाय उठू देत नाहीत. दाराला आतून दोन कड्या आहेत. आई, गल्ली अगदी आपल्यासारखी. दुपारी उंबऱ्यात बसून बायका पैंजणाच्या कड्या जोडत असतात, मांडीवर ताट, ताटात घुंगरं. बोलणं एकीकडे, हात एकीकडे. मी मान खाली घालून शंभर कड्या जोडेपर्यंत त्यांची एक पट्टी पुरी होते.

बाबा, तुम्ही विचारणार ‘यात शिकायचं काय एवढं?’ तर ऐका. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून ९२५ ग्रॅम चांदीला ७५ ग्रॅम तांबं. मुशीत टाकणखार घालून आटवायची, लगड ओतायची, मग ठोकायची. ठोकली की ती कडक होते, चिडल्यासारखी. पुन्हा तापवून मऊ करायची, पुन्हा ठोकायची. तार हवी तर जंतराच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीच्या, एकेका लहान भोकातून ओढायची. हे सगळं महिन्याभरात जमलं. झाळणं, म्हणजे सांधा जोडणं, मात्र अजून छळतं. मला वाटायचं, जिथे सांधा तिथे जाळ धरायचा. तसं केलं की चांदी ती ऊब लगेच सगळीकडे पळवते आणि सांधा थंडच राहतो. आधी अख्खा दागिना तापवायचा, मग झाळ, म्हणजे लवकर वितळणारी जोडाची चांदी, एका क्षणात चमकून फटीत शिरते. तो क्षण चुकला, दोन श्वास जास्त जाळ राहिला, तर दागिनाच खाली बसतो. तापमान मोजायला काही नाही, रंगावरून ओळखायचं, आणि तो मंद उजेडातच नीट दिसतो. म्हणून मामा खिडकी अर्धी लावून घेतात. (धुराची काळजी नको. कॅडमियमची झाळ इथे वापरत नाहीत, पंखा बाहेर हवा फेकतो, आणि मी मास्क लावते.)

आता हिशेब, तुमच्या डायरीसाठी. चौदा महिने पुरेल इतकी एफडी आहे, तिला हात लावलेला नाही. दिवाळीत ४१ नग विकले, बहुतेक कानातली आणि मासोळ्या. २०२५ मध्ये चांदी किलोला लाखाच्या पुढे गेली, त्यामुळे माल भरून ठेवत नाही, ऑर्डर आणि अर्धे पैसे आल्यावरच चांदी घेते. विक्रीवर ३ टक्के जीएसटी वेगळा दाखवते. ९२५ चा हॉलमार्क करून घेते, कारण गिऱ्हाईक आता टंच, म्हणजे शुद्धता, विचारतं. आणि उधारी नाही, कुणालाच नाही. नानांच्या वेळचं तुम्ही विसरला नाहीत, मीसुद्धा नाही.

आणखी एक. पुण्यापेक्षा हुपरी कराडला जवळ आहे. तुमच्या छातीत दुखलं त्या रात्री मला पोचायला पहाट झाली होती. हे कारण नंतर सुचलेलं नाही, खरंच.

आई, आता तुझं. दिवाळीपासून विचारते आहेस, जोडवी दुरुस्त होऊन आली का. सोनाराकडे दिलीच नव्हती गं. सांधा उकलला होता तेवढा आपणच झाळावा असं वाटलं. त्या दोन श्वासांत एक जोडवं माझ्या डोळ्यांदेखत गोळी होऊन बसलं. त्या दिवशी मी जेवले नाही. अशुभ वगैरे मनात आणू नकोस, बाबा ठणठणीत आहेत. मामांनी गोळी आणि दुसरं जोडवं एकाच मुशीत टाकलं आणि म्हणाले, ‘चांदी तीच आहे, आता घडव.’ घडवायला माझे सहा रविवार गेले. चांदी सगळी तुझीच आहे, वरून चिमूटभरसुद्धा घातली नाही. कडेची वेल थोडी वाकडी आलीय. लहानपणी चॉकलेटच्या चांदीची नथ करून मी तुझ्या नाकाला लावायचे आणि तू ती संध्याकाळपर्यंत तशीच ठेवून भाकऱ्या करायचीस, तसं आताही चालवून घेशील ना?

आता निमूट ऐकायचं. देवाची चांदी रांगोळीनं घासणं बंद, दरवेळी थोडी झिजते. पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर उकळतं पाणी, चमचाभर खायचा सोडा, त्यात निरांजन पाच मिनिटं बुडव, काळेपणा निघेल. आणि चांदीच्या पुड्यांना रबरबँड लावू नकोस, त्यातल्या गंधकानंच ती काळी पडते. बाबा, बीपीची गोळी जेवणानंतर आठवली की नव्हे, रोज सकाळी. जिना दोनदाच. आईच्या गुडघ्याला तेल तुम्ही लावायचं, तिला वाकू द्यायचं नाही. लोकांनी विचारलं तर सरळ सांगा, मुलगी चांदीकाम करते. ‘सध्या घरून काम चालू आहे’ असं सांगू नका.

या शनिवारी येते. कराडला उतरते. नऊच्या आत पोचेन, स्टँडवर येऊ नका, थंडी आहे. जोडवी बरोबर आणते, बोटाला घट्ट झाली तर कानस पिशवीत आहेच.

तुमची,
चिमी