निकोडीमस मेलेलं नाही

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला निकोडीमसवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून गेला नाही. 'माळरानावरचं मेलेलं गाव' असं शीर्षक तुम्ही पानभर ताणून छापलंत. निकोडीमस म्हणजे अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव. त्या गावाला मी गेली अकरा वर्षं ओळखते. आम्ही राहतो त्या हेजपासून ते तासाभराच्या वाटेवर आहे. लेखकमहाशय महामार्ग २४ वरून जाताना तिथे वीस मिनिटं थांबले, हे त्यांनीच लिहिलं आहे. वीस मिनिटांत दारं बंद दिसली, रस्त्यावर माणूस दिसला नाही, म्हणून गाव मेलं? भर दुपारी आमच्या मंगळवेढा तालुक्यातल्या कुठल्याही वाडीवर जाऊन बघा, रस्त्यावर कोण दिसतंय.

आधी छायाचित्राबद्दल. मोडक्या लाकडी घरामागे डोंगर दिसतात. निकोडीमस ज्या ग्रॅहम काउंटीत (आपल्या भाषेत जिल्ह्यात) आहे, तिथे डोंगर नाहीत. सॉलोमन नदीच्या दोन्ही अंगांनी नुसता चढउताराचा गवताळ माळ आणि शेतं आहेत. म्हणजे छायाचित्र दुसऱ्याच कुठल्या तरी गावाचं आहे, आणि त्याखाली निकोडीमसचं नाव छापलं आहे. एखाद्याच्या निधनाच्या बातमीत भलत्याच माणसाचा फोटो छापावा, तसं झालं हे. त्यात तो माणूस जिवंत!

लेखकाचं म्हणणं एका ओळीत असं की, केंटकीतून आलेल्या भोळ्या लोकांना फसवून माळावर आणलं, १८८८ मध्ये रेल्वे दुसरीकडून गेली, आणि तिथेच गाव संपलं. पहिली दोन वाक्यं बरीचशी खरी आहेत. डब्ल्यू. आर. हिल या जमीन विकणाऱ्या गोऱ्या माणसानं १८७७ मध्ये कृष्णवर्णीय धर्मोपदेशक डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्यासोबत गावाची कंपनी काढली, पत्रकं वाटली, स्वर्ग दाखवला. त्या सप्टेंबरात तीनशेच्या वर माणसं आली आणि बघतात तो गवत, वारा आणि आभाळ. लोक हिलवर खवळले. काही कुटुंबं आल्या पावली परत फिरली. (त्याच हिलच्या नावानं शेजारचं हिल सिटी आज काउंटीचं मुख्य ठिकाण आहे, हे मला अजून पचत नाही.)

पण तिसरं वाक्य? गाव १८८८ मध्ये मेलं, तर १९०७ चं बाप्टिस्ट चर्च कुणी बांधलं? १९१८ ची शाळा कुणाच्या लेकरांसाठी उभी राहिली? गावाच्या मध्यावर पिवळसर चुनखडी दगडाचं टाउनशिप हॉल (गावसभेची इमारत) आहे, ते मंदीच्या आणि धुळीच्या वादळांच्या दशकाअखेर, १९३९ मध्ये पुरं झालं. टपाल कचेरी १९५३ पर्यंत चालू होती. ग्रीन बे पॅकर्सकडून फुटबॉल खेळलेले व्हेरिल स्विट्झर १९३२ साली याच गावात जन्मले. गाव मेल्यानंतर चव्वेचाळीस वर्षांनी! लेखकानं या इमारतींसमोरच गाडी उभी केली असणार. भिंतीवरचं साल तरी वाचायचं.

आणि विलियाना हिकमन यांच्याबद्दल जे लिहिलंय, त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. १८७८ च्या वसंतात त्या नवरा आणि मुलांसह आल्या. एलिस स्टेशनाला मुक्कामात गोवराची साथ आली, बरोबरच्यांची काही लेकरं दगावली. त्यानंतर दोन दिवस माळावरून वाटचाल. पुरुष ओरडले, 'ते बघा निकोडीमस!' त्या आजारी होत्या, सगळा जीव डोळ्यांत आणून बघायला लागल्या, गाव कुठे दिसेना. नवऱ्यानं जमिनीतून निघणारा धूर दाखवला आणि सांगितलं, हेच निकोडीमस. लोक टेकाडाच्या पोटात खणलेल्या घरांत राहत होते. हे बघून त्यांना रडू फुटलं. लेखक इथे थांबले. बाई रडल्या, परिच्छेद संपला. पण त्या परत गेल्या नाहीत हो! डोळे पुसून त्याच जमिनीतल्या घरात त्यांनी चूल पेटवली, संसार केला, आणि म्हातारपणी ही आठवण स्वतः सांगितली, म्हणून तर तुमच्या लेखकाला ती मिळाली.

पहिल्या हिवाळ्यात या लोकांजवळ धड अवजारं नव्हती. कुदळ-फावड्यानं माळ फोडला. शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांनी खायला दिलं म्हणून कित्येक जण तगले. पुरुष रेल्वेच्या कामावर मजुरीसाठी पन्नास-पन्नास किलोमीटर चालत जायचे, बायका-पोरं माळावर पडलेली बायसनची (तिकडच्या रानगव्यांची) हाडं गोळा करून विकायची. दहा वर्षांत त्याच गावात दोन वर्तमानपत्रं निघत होती, बँक होती, हॉटेल होतं. याच गावात येऊन राहिलेले कृष्णवर्णीय ई. पी. मॅकेब १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे ऑडिटर, म्हणजे हिशेब तपासनीस, म्हणून निवडून आले. गुलामी सुटून सतरा वर्षं झाली होती फक्त. रेल्वे यावी म्हणून टाउनशिपनं सोळा हजार डॉलरचे रोखे मंजूर केले होते. रेल्वे आली नाही. दुसऱ्या कंपनीनं नदीच्या पलीकडून रूळ टाकले, तिथे बोग नावाचं ठाणं झालं आणि दुकानदार आपापली दुकानं उचलून तिकडे गेले. शेतकरी मात्र गेले नाहीत. दुकान उचलता येतं. एकशे साठ एकर कशी उचलणार? आणि ज्यांच्या आईबापांना बाजारात उभं करून विकलं होतं, त्यांच्या नावावर आता सातबारा होता, असं आपल्या भाषेत म्हणू.

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना, हे आपण शाळेपासून ऐकतो. मुक्त करणाऱ्यांचं कौतुक जोतीरावांनी तेव्हाच केलं. मुक्त झालेली माणसं त्यानंतर चारच वर्षांनी या माळावर येऊन पुढे काय करत होती, ते सांगायची संधी महाराष्ट्रातल्या एका वर्तमानपत्राला मिळाली होती. तुम्ही त्या जागेत 'मेलेलं गाव' छापलंत.

आता माझ्या आईचं सांगते, कारण खरं पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं.

सहा वर्षांपूर्वी आई उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती. निकोडीमसला दर जुलैच्या अखेरच्या शनिवार-रविवारी लोक परत येतात. ही प्रथा पहिल्या वर्षांपासूनची. कॅरिबियन बेटांवरची गुलामी १८३४ मध्ये सुटली, त्याची आठवण म्हणून १ ऑगस्टच्या सुमाराला हा सण करायचे. आता डेन्व्हर, टोपीका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया, कुठून कुठून माणसं येतात. गावात राहणारी चौदा, हा २०२० च्या जनगणनेचा आकडा लेखकानं दोनदा लिहिलाय. त्या दोन दिवसांत तिथे शेकडो माणसं असतात, मिरवणूक निघते, चर्चमध्ये गाणी होतात, मोठमोठ्या चुलाण्यांवर मांस भाजत असतं आणि पोरं धुळीत पळत असतात. मी आईला सांगितलं, जत्रा आहे. तिला तेवढं पुरलं. कुठल्या देवाची, ते तिनं विचारलंच नाही.

वाटेत दोन्ही बाजूंना मायलो उभा होता. इथे ज्वारीला मायलो म्हणतात, आणि अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकते ती याच कॅन्ससमध्ये. माझे यजमान ज्वारीच्या वाणांवर काम करतात, म्हणूनच आम्ही या मुलखात आलो. आईनं गाडी थांबवायला लावली, बांधावर उतरली, पान हातात घेतलं आणि म्हणाली, "अगं, हा तर जोंधळाच की! असा बुटका कशानं?" यंत्रानं कापायला सोपा जावा म्हणून, असं मी सांगितलं. तिला ते पटलं नाही. कडबा कुठून मिळणार, म्हणाली.

गावात एका मंडपाखाली एक आजीबाई बसल्या होत्या, आईच्याच वयाच्या. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, मी मधे. आई म्हणाली, आमचं गाव जोंधळ्याचं, मंगळवेढ्याची मालदांडी. त्या आजींनी सांगितलं, त्यांच्या लहानपणी गोड ज्वारीची ताटं चरकात घालून रस काढायचे आणि कढईत आटवून पाक करायचे. आई एकदम उठून उभी राहिली. "काकवी! काकवी म्हणत्यात त्याला, सांग त्यांना." मी सांगितलं. आजींनी तो शब्द चार वेळा म्हणून बघितला. मग आईनं विचारलं, पोरं कुठं असतात? डेन्व्हरला. आणि वर्षातून कितीदा येतात? या दोन दिवसांना तर येतातच. आई म्हणाली, "आमच्यातबी तसंच. पुण्या-मुंबईला गेल्याली जत्रंला येत्यात." दोघी बराच वेळ हात धरून बसल्या होत्या, न बोलता.

परत गेल्यावर आई त्या गावाला 'धुराचं गाव' म्हणायची, मी तिला विलियानाबाईंची गोष्ट सांगितली होती म्हणून. दर जुलैत फोनवर विचारायची, धुराच्या गावची जत्रा झाली का, त्या म्हातारीची पोरं आली का. दोन वर्षांपूर्वी आई गेली. आमच्या वाड्याला आता कुलूप आहे. भाऊ पिंपरीला, मी इथे. जत्रेला भाऊ जातो, दार उघडतो, झाडून काढतो, देवाला नैवेद्य दाखवतो. कुणी वीस मिनिटं थांबून त्या कुलपाचा फोटो काढला आणि 'मेलेलं घर' म्हणून छापला, तर मला काय वाटेल, याचा विचार तुम्हीच करा. निकोडीमसच्या लोकांना मराठी वाचता येत नाही, एवढ्यासाठी त्यांच्या गावाबद्दल काहीही छापायचं का?

जाता जाता आणखी एक. दिवाळीच्या आसपास तुमच्या शेतीच्या पानावर लाल कणसांच्या ज्वारीचा फोटो आला होता, खाली 'बाजरीचे भरघोस पीक' असं लिहिलेलं. मी तेव्हाही पत्र पाठवलं होतं. ना पत्र छापलंत, ना चूक दुरुस्त केलीत. सोलापूर जिल्ह्यात तुमचा अंक इतक्या घरांत जातो आणि पानावर ज्वारी-बाजरीचा फरक बघणारं कुणी नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या रविवारी, त्याच पुरवणीत, त्याच पानावर लिहा की छायाचित्र निकोडीमसचं नव्हतं. गाव मेलेलं नाही, हेही लिहा. अमेरिकेच्या सरकारनं १९९६ मध्ये त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरवलं आहे, आणि तिथे आल्या-गेल्याला माहिती देणारं माणूस असतं. पत्र लांबलं आहे, कापावं लागेल, मला कल्पना आहे. बाजरीचा भाग कापा हवं तर. आईचा कापू नका.

आणि लेखकमहाशयांना माझा निरोप द्या. जुलैच्या शेवटच्या शनिवारी या. हेजला आमच्याकडे उतरा, सकाळी मी स्वतः गाडीनं घेऊन जाईन. भाकरी इथल्याच ज्वारीची असेल, पीठ घरी दळते.

आपली जुनी वाचक,
हेज, कॅन्सस
(मूळ मंगळवेढा तालुका, जि. सोलापूर)